जन्माआधीचं भिंग

आपल्या शरीरात नेमकं आपल्याच वयाचं असं फार थोडं असतं. कातडी झडते आणि नवी येते, तांबड्या पेशी चारेक महिन्यांत बदलतात, हाडंसुद्धा हळूहळू स्वतःची डागडुजी करत राहतात. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा मात्र आईच्या पोटात घडतो आणि मरेपर्यंत तोच राहतो. १९६३च्या आसपास अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला होता. त्या सुमारास जन्मलेल्यांच्या भिंगात ती खूण अजून आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं, की गाभ्यातला हा कार्बन मोजून माणसाचं जन्मवर्ष काढता येतं. ग्रीनलंड शार्क मासा निदान २७२ वर्षं जगतो हेही २०१६ साली त्याच्या भिंगावरूनच कळलं.

हे भिंग पारदर्शक राहतं ते कशाच्या जोरावर? रक्त प्रकाश अडवतं, म्हणून त्यात रक्तवाहिनी नाही. पेशीतलं केंद्रकही प्रकाश विखुरतं, म्हणून आतल्या पेशी आपलं केंद्रक मोडून टाकतात. उरतं ते क्रिस्टलिन नावाच्या प्रथिनांचं दाट मिश्रण. केंद्रकच गेल्यावर नवं प्रथिन बनवायची सोय राहत नाही. या प्रथिनांतली काही राखणदारीचं काम करतात. शेजारचं एखादं बिघडलं, की त्याला धरून ठेवतात, गुठळी होऊ देत नाहीत. पण राखणदारांचा साठाही ठरावीकच. तो संपत आला की गुठळ्या होतात, प्रकाश विखुरतो, भिंग गढूळतं. हाच मोतीबिंदू. मधुमेह, स्टिरॉइड, सिगारेट यांमुळे तो लवकर येतो. पण मला उलटाच प्रश्न पडतो: साठ वर्षं हे स्वच्छ राहतंच कसं?

मोतीबिंदू आला आहे हे ओळखायला लागणारं सामान मात्र अगदी साधं. गावातल्या नेत्रशिबिरात भिंतीवर तक्ता टांगलेला असतो. तो बेतला नेदरलँड्समधल्या हर्मन स्नेलेन यांनी, १८६२ साली. सहा मीटरवरून निरोगी डोळ्याला जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंचीचं अक्षर वाचता यायला हवं, हे त्यामागचं गणित. वाचता न येणाऱ्या आजींनी इंग्रजी ‘ई’च्या दांड्या कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. कमी दिसलं, तर डोळ्यासमोर बारीक भोकाचं कार्ड धरतात. मला ही तपासणी सगळ्यांत सुंदर वाटते. भोकातून येणारे किरण इतके मोजके असतात, की चष्म्याच्या नंबराची चूक बरीचशी झाकली जाते. म्हणजे भोकातून स्पष्ट दिसलं तर चष्मा हवा. तरीही अंधुकच दिसलं तर बिघाड बहुधा डोळ्यातच आहे. मग बॅटरीचा झोत बाहुलीवर टाकायचा; आत करडं किंवा पांढरं दिसलं, की पुढची चिठ्ठी. त्याच रांगेत डोळ्यांतला दाबही मोजून घ्यावा. अनेकदा वाढलेल्या दाबाने होणारा काचबिंदू गुपचूप येतो, आणि त्याने नेलेली नजर कुठल्याही ऑपरेशनने परत मिळत नाही.

‘अजून पिकला नाही, थांबा’ हा सल्ला घरोघरी अजून दिला जातो. अख्खं भिंग ओढून काढायचे त्या काळात त्याला अर्थ होता. आता पिकलेला मोतीबिंदू कडक होतो आणि सर्जनचं काम उलट वाढवतो. २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंध व्यक्तींपैकी सुमारे ६६ टक्के लोक मोतीबिंदूमुळेच आंधळे होते. म्हणजे दर तिघांतल्या दोघांचा इलाज ठाऊक होता, तो फक्त व्हायचा राहिला होता.

भिंगाभोवती एक पिशवी असते. द्राक्षाच्या सालीला वरून गोल खिडकी पाडावी आणि बाकीची साल न फाटता गर काढावा, तसं मोतीबिंदूचं ऑपरेशन. फरक इतकाच, की इथली मागची साल मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाहूनही पातळ असते, आणि ती शाबूत ठेवण्यातच सर्जनचं कसब. फेको पद्धतीत अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून सुई जाते, सेकंदाला सुमारे चाळीस हजार वेळा थरथरते, गाभ्याचा चुरा करते आणि शोषून घेते. चार्ल्स केलमन यांना ही कल्पना दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत सुचली. १९६७ साली त्यांनी ती वापरली. भारतात फार कडक मोतीबिंदूंसाठी सहा-सात मिलिमीटरच्या तिरक्या बोगद्यातून गाभा हाताने सरकवतात. डोळ्यातल्या दाबानेच तो बोगदा मिटतो, टाका लागत नाही. मला या स्वस्त पद्धतीचं कौतुक फेकोपेक्षा कणभर जास्तच आहे.

सुश्रुतसंहितेत भिंग सुईने बाजूला सारण्याची कृती आहे. तंजावरचे सरफोजीराजे भोसले यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तिथल्या सरस्वती महालात जपलेल्या आहेत. पण भिंग गेलं की प्रकाश येई, नेमकेपणा येत नसे. सोडावॉटरी चष्मा कपाळी येई. त्यावरचा तोडगा युद्धातून निघाला. ब्रिटिश लढाऊ विमानांच्या कॉकपिटची पर्स्पेक्स काच फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत घुसली होती. हॅरल्ड रिडली यांच्या लक्षात आलं, की डोळा या तुकड्यांना मुकाट सहन करतोय. २९ नोव्हेंबर १९४९ला लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच प्लास्टिकचं भिंग डोळ्यात बसवलं. पहिल्या भिंगाचं गणित चुकलं, रुग्णाला चांगलाच जाड मायनस नंबर आला. बड्या सहकाऱ्यांनी तर वर्षानुवर्षं नाकं मुरडली. पुढे म्हातारपणी रिडलींच्या स्वतःच्या डोळ्यांतही अशीच भिंगं बसवली गेली. भारतात ती परवडू लागली ती मदुराईच्या अरविंद रुग्णालयामुळे. ११ खाटांवर १९७६ साली डॉ. वेंकटस्वामींनी ते सुरू केलं. १९९२पासून त्यांच्या ऑरोलॅबमध्ये भिंगं बनू लागली आणि किमती कोसळल्या.

ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षांनी काहीजण तक्रार घेऊन येतात: पुन्हा धूसर दिसतंय, मोतीबिंदू परत आला, डॉक्टरने लेन्स हलकी बसवली. तसं नसतं. पिशवीच्या कडेला भिंगाच्या काही मूळ पेशी उरलेल्याच असतात, आणि भिंग काढून टाकलं हे त्यांना कळलेलंच नसतं. जन्माआधी सुरू केलेलं काम त्या पुढे चालू ठेवतात. मागच्या सालीवर पसरतात, नवे धागे विणू पाहतात. त्यावर यॅग लेझरने सालीच्या मधोमध एक भोक पाडतात. सुई नाही, छेद नाही. काही मिनिटांत रुग्ण खुर्चीतून उठतो.