डोक्याला मार लागल्यावर
14 जानेवारी 2020 रोजी वानखेडेवर पॅट कमिन्सचा उसळता चेंडू ऋषभ पंतच्या हेल्मेटवर आदळला. मग पंत यष्टिरक्षणाला उतरलाच नाही, ग्लोव्ह्ज के. एल. राहुलने घातले. कारण कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा.

अंधेरीत हाच हादरा दहीहंडीच्या थरावरून पडून किंवा लोकलच्या दारावर डोके आपटूनही बसतो. रक्त येत नाही, शुद्ध तर बहुतेकांची जातच नाही. म्हणून ‘काही नाही झालं’ यावर विसंबू नये. डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, उजेड नकोसा होणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे ही लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात. सीटी स्कॅन बहुधा स्वच्छच येतो; तो रक्तस्राव शोधतो, हादरा नव्हे. खेळताना मार लागला तर खेळ मात्र त्याच क्षणी थांबवायचा, मुलगा कितीही हट्ट करो.

वारंवार उलट्या, झटके, वाढत जाणारी डोकेदुखी, लहानमोठ्या झालेल्या बाहुल्या, जड झालेली जीभ किंवा उठवूनही न मोडणारी झोप, यातले एकही दिसले तर 108 ला फोन करा किंवा कूपरसारखे जवळचे रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांना लक्षण नसले तरी न्यावे.