हिरवळ किती उंच राखावी?

शाळेचें मैदान म्हटलें म्हणजे प्रत्येकाच्या मनांत त्याचें निराळें चित्र असतें. हॉकी व क्रिकेट खेळणाऱ्यांस तें आंखूड गवताचें, चटईसारखें सपाट हवें असतें; पालकांस तें मऊ असावें, मूल पडलें तरी गुडघे फुटूं नयेत, असें वाटतें; आणि ज्याच्या हातीं यंत्र असतें त्या माळ्याची अपेक्षा इतकीच असते कीं, आठवड्याच्या इतर कामांत तें कापून व्हावें. या तिघांच्या इच्छांचा मेळ एका लहानशा प्रश्नापाशीं येऊन बसतो. गवत किती उंचीवर कापावें? प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. परंतु मैदान वर्षानुवर्षें हिरवें राहणार कीं उन्हाळ्यांत उजाड होऊन धुळीस मिळणार, हें पुष्कळ अंशीं याच्या उत्तरावर अवलंबून असतें. म्हणून या लेखांत त्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या पायांखालचें गवत कोणतें, हें प्रथम ओळखलें पाहिजे. महाराष्ट्रांतील पुष्कळशा मैदानांवर आपोआप पसरते ती हरळी. गणेशपूजेंत तिलाच दूर्वा म्हणून मान मिळतो. आणि तीच शेतांत शिरली म्हणजे शेतकरी तिला वैरीण समजून नांगरानें व कुदळीनें उपटूं लागतो. इंग्रजी पुस्तकांत 'बर्म्युडा गवत' या नांवानें जिचें वर्णन येतें, तीही हीच. वनस्पतिशास्त्रांत हिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात. यांतील पहिल्या शब्दाचा अर्थ श्वानदंत असा असून, दुसरा शब्द बोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. कारण हरळीच्या तुऱ्याच्या चार-पांच काड्या हाताच्या बोटांप्रमाणें पसरलेल्या दिसतात. हिचीं कांहीं खोडें जमिनीवरून धांवतात, तर कांहीं जमिनीखालून जातात, आणि त्यांच्या पेरापेरांतून नवीं मुळें फुटतात. पवित्र शास्त्रांत गवत हें मानवी जीविताच्या क्षणभंगुरतेचें चिन्ह म्हणून आलें आहे. परंतु हरळीपुरतें पाहिलें तर सुकतें तें वरचें पान, खालचें खोड मात्र जिवंत राहून पावसाची वाट पाहत असतें.

हरळीस उन्हाची आवड आहे. साधारणपणें २७ ते ३५ अंश सेल्सिअस उष्णतेंत ती जोमानें वाढते. हवेंतील कर्बवायु शोषून अन्न तयार करण्याची तिची रीत गहूं व भात यांच्याहून निराळी असून ज्वारी, बाजरी, मका व ऊंस यांच्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियांतील हॅच व स्लॅक या शास्त्रज्ञांनीं उंसाच्या पानांवर प्रयोग करून १९६६ सालीं या रीतीचा उलगडा केला. प्रखर उन्हांत ही रीत फार फायद्याची ठरते. उलटपक्षीं, इंग्लंडांतील हिरवळीचीं गवतें थंड हवेचीं आहेत. तीं वसंतांत व शरदांत वाढतात आणि कडक उन्हाळ्यांत मंदावतात. आपली हरळी पाणी मिळाल्यास उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत धांवते आणि थंडी पडली म्हणजे मंदावते. म्हणून तेथील बागांच्या पुस्तकांत दिलेले कापणीचे तक्ते येथें जसेच्या तसे लागू करणें योग्य नव्हे.

आतां कापण्यानें गवतास काय होतें तें पाहूं. रोपाचा शेंडा खुडला तर त्या फांदीची वाढ तेथेंच थांबते. गवताचें तसें नाहीं. त्याचें पान बुडाकडून वाढत असतें, त्यामुळें टोंक छाटलें तरी खालून तें वर ढकललें जातें. गुरांनीं चरलेलें रान पुनः हिरवें होतें तें याचमुळें. परंतु पान हें गवताचें स्वयंपाकघर आहे. तेथें शिजलेलें अन्नच मुळांस मिळतें. स्वयंपाकघराचा मोठा भाग एकदम पाडला तर घरांतील माणसांची जी अवस्था होईल, तीच मुळांची होते. अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील क्रायडर या संशोधकानें १९५५ सालीं आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पानांचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग एका वेळीं छाटल्यास बहुतेक गवतांच्या मुळांची वाढ कांहीं काळ थांबते, असें त्यांत दिसून आलें. मुळें उथळ राहिलीं कीं खोलवरची ओल त्यांच्या हातीं लागत नाहीं, आणि दोन दिवस पाणी चुकलें तरी गवत माना टाकतें. यावरून मैदानें राखणाऱ्यांत एक सोपा नियम रूढ झाला आहे: एका कापणींत गवताच्या उंचीचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग कापूं नये.

हा नियम मोडल्याचें फळ आपणांस सुट्टीनंतर पाहावयास मिळतें. गवत कापल्यावांचून उंच वाढलें म्हणजे त्याचीं हिरवीं पानें वरच्या भागांतच राहतात, व खालीं सावलींत नुसत्या पिंवळट काड्या उरतात. अशा वेळीं शाळा उघडण्याच्या घाईनें यंत्र अगदीं खालीं लावून फिरविलें, तर सर्व हिरवा भाग उडून जातो व मैदान खरवडल्यासारखें दिसूं लागतें. उघड्या पडलेल्या मातीवर ऊन पडतें, तणाचें बीं रुजतें, आणि १९५५ सालीं पुण्यांत दृष्टीस पडलेलें व पुढें सर्वत्र पसरलेलें गाजरगवत अशाच मोकळ्या जागेची वाट पाहत असतें. म्हणून वाढलेलें गवत पायरीपायरीनें उतरवावें. गवत साडेचार इंच झालें असल्यास पहिल्यानें ३ इंचांवर कापावें. चार-पांच दिवस जाऊं द्यावे. मग २ इंचांवर यावें. यास आठवडा अधिक लागतो. पण खरवडलेलें मैदान भरून येण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो.

येथवर आलेल्या वाचकांच्या ध्यानीं एक गोष्ट आलीच असेल. उंचीचा प्रश्न हा वस्तुतः वेळेचा प्रश्न आहे. एक-तृतीयांशाच्या नियमानें १ इंच उंची राखावयाची तर गवत दीड इंच होतांच कापलें पाहिजे, आणि २ इंच राखावयाची तर तें ३ इंच होतांच कापलें पाहिजे. समजा, श्रावणांत गवत दररोज एक-अष्टमांश इंच वाढतें. तर १ इंचाच्या हिरवळीस दर चौथ्या दिवशीं यंत्र फिरविणें भाग आहे. २ इंचांच्या हिरवळीस आठव्या दिवशीं फिरविलें तरी चालतें. म्हणजे उंची निम्मी केली कीं श्रम दुप्पट झाले. यांतूनच योग्य उंची काढण्याची रीत निघते: दोन कापण्यांच्या दरम्यान गवत जितकें वाढतें, त्याच्या दुप्पट उंची राखावी. वरील उदाहरणांत आठवड्यास एकदांच कापणी होत असेल, तर सात दिवसांची वाढ सात-अष्टमांश इंच. तिची दुप्पट पावणेदोन इंच. हें उत्तर गवताच्या जातीस मानवणाऱ्या मर्यादेंत बसलें पाहिजे. तें फार मोठें आल्यास आठवड्यांतून दोनदां कापणें हाच मार्ग होय.

ही मर्यादा जातीजातीप्रमाणें भिन्न असते. साध्या हरळीस १ ते २ इंच उंची मानवते. तिचे बारीक पानांचे संकर आणखी खालीं, अर्ध्या इंचापर्यंत कापतां येतात. अमेरिकेंत जॉर्जियांतील टिफ्टन येथें ग्लेन बर्टन यांनीं सिद्ध केलेला व १९६० सालीं प्रसारांत आलेला 'टिफवे' हा यांपैकींच एक. झॉयसिया या जातीस १ ते २ इंच पुरे होतात. कांहीं बंगल्यांपुढें लावलेल्या रुंद पानांच्या 'कार्पेट' गवतास दीड ते दोन इंच ठेवावे. दूरचित्रवाणीवर गोल्फचीं मैदानें पाहून कित्येकांस तसेंच तुळतुळीत गवत हवेंसें वाटतें. तेथील कांहीं भागांत गवत एक-अष्टमांश इंचापर्यंत कापलेलें असतें हें खरें. पण तें त्यासाठींच निर्माण केलेल्या खुज्या जातींचें असून, त्यावर बहुधा रोज यंत्र फिरतें. ती चाकरी ज्यास परवडत नाहीं, त्यानें ती उंचीही मागूं नये.

ऋतु व जागा यांप्रमाणेंही थोडा फरक करावा. झाडाच्या सावलींत प्रकाश कमी मिळतो. तेथें पान मोठें असावें म्हणून उंची अर्धा इंच वाढवावी. उन्हाळ्यांत पाण्याची टंचाई असल्यास तसेंच करावें, कारण उंच गवताच्या छायेंत माती कमी तापते. पावसाळ्यांत कापणी अधिक वेळां व्हावी. मात्र काळी माती ओली असतां तीवर जड यंत्र नेऊं नये, माती दबून घट्ट होते. थंडींत वाढ मंद झाली म्हणजे आमचें गणित कमी उंचीस अनुमति देईल. परंतु त्या दिवसांत झालेली इजा लवकर भरून येत नाहीं, यास्तव उंची न बदलतां कापण्यांतील अंतर वाढवावें.

यंत्राविषयीं दोन शब्द. गवत कापण्याचें यंत्र इंग्लंडांत स्ट्राउडजवळ एडविन बडिंग यानें १८३० सालीं तयार केलें. गिरणींत लोकरी कापडावरील लव कातरणारें यंत्र पाहून त्यास ही युक्ति सुचली. त्याच्या यंत्राप्रमाणें फिरत्या नळकांड्यावर पातीं असलेलें यंत्र कात्रीसारखें कापतें; इंचाहून कमी उंचीसाठीं तेंच योग्य. पंख्यासारखें आडवें पातें फिरणारें यंत्र उंच हिरवळीस चालतें. कोणतेंही असो, त्यावरील आंकड्यांवर विसंबूं नये. यंत्र फरशीवर ठेवून, तें बंद आहे याची मोठ्या माणसानें खात्री केल्यावर, पात्यापर्यंतचें अंतर पट्टीनें मोजावें. खुणा मिलिमीटरांत असल्यास २५ मिलिमीटर म्हणजे सुमारें १ इंच धरावा. पातें बोथट असलें तर गवत कापलें न जातां फाटतें व टोंकें पांढुरकीं दिसतात. नियमानें कापलेल्या गवताचे बारीक तुकडे मैदानावरच राहूं द्यावे. ते कुजून हिरवळीच्या नत्राच्या गरजेपैकीं चौथाईपर्यंत भाग परत देतात.

तेव्हां खेळाडूंस आमची विनंति अशी कीं, सामन्यापूर्वीं 'गवत अगदीं खालीं कापा' असा आग्रह माळ्याकडे धरण्याआधीं त्यांनीं वरील हिशेब करून पाहावा. चेंडू एक दिवस वेगानें धांवेल, पण पुढील कित्येक दिवस पडणारीं मुलें उघड्या मातीवर पडतील, आणि त्या मातीस पाणी घालण्याचे श्रम दुसऱ्याचे असतील. ज्याच्या श्रमावर आपला खेळ चालतो त्यास झेपेल तीच उंची योग्य उंची होय.

हें सर्व आमच्या शब्दावर मानण्याचें कारण नाहीं. पावसाळा लागतांच विद्यार्थ्यांनीं मैदानावर दहा ठिकाणीं खुंट्या रोवाव्या. कापणी झाल्या दिवशीं व पुढील कापणीच्या आदल्या दिवशीं प्रत्येक खुंटीजवळील गवताची उंची पट्टीनें मोजावी. वाढीची सरासरी काढून तिची दुप्पट करावी, आणि तो आंकडा माळीदादांस दाखवून त्यांचें मत विचारावें. वर्षाचा असा तक्ता कोणत्याही वर्गानें तयार केल्यास पुढील अंकांत तो छापण्यास आम्हांस आनंद वाटेल.