विश्लेषण : घरी बांधलेल्या विमानाच्या इंजिनावरील झाकण वारंवार का काढावे लागते?

मुंबईत चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले सहा आसनी ‘टीएसी-००३’ विमान फेब्रुवारी २०१६ मधील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात चर्चेचा विषय ठरले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे (डीजीसीए) २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि २०२० मध्ये धुळे विमानतळावर चाचणी उड्डाणे झाली. अशा विमानांची चर्चा बहुतेकदा परवान्याभोवती फिरते. मात्र परवाना मिळाल्यानंतरची सुरक्षितता बरीचशी अवलंबून असते ती इंजिनावरील झाकणाखाली काय चालले आहे, यावर.

काउलिंग म्हणजे काय?

विमानाच्या नाकावरील, इंजिनाला वेढणाऱ्या आवरणाला ‘काउलिंग’ म्हणतात. हिंगणघाटच्या गॅरेजमध्ये ट्रॅक्टर आला की मिस्त्री आधी बॉनेट उघडतो. काउलिंग हे विमानाचे बॉनेटच, पण काम त्याहून मोठे. छोट्या विमानांची इंजिने बहुतांशी हवेवर थंड होतात. समोरून शिरलेली हवा सिलिंडरच्या पात्यांमधूनच जावी, यासाठी आत पत्रे आणि रबरी पट्ट्या असतात. शिवाय हवेचा विरोध कमी होतो. अमेरिकेच्या ‘नाका’ संस्थेने १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात केलेल्या काउलिंगवरील संशोधनाला १९२९ चा मानाचा कॉलियर करंडक मिळाला होता.

ते केव्हा काढतात?

तेल बदलताना, स्पार्क प्लग तपासताना आणि वार्षिक तपासणीत. लायकमिंगसारख्या प्रचलित इंजिनांत पूर्ण क्षमतेचा फिल्टर असल्यास साधारण ५० तासांनी, फक्त जाळी असल्यास २५ तासांनी तेल बदलतात. नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणानंतर काउलिंग काढून सगळे तपासण्याची पद्धत रूढ आहे. रोजच्या पाहणीत मात्र तेल मोजण्यापुरती छोटी झडप उघडते. बाकीचे इंजिन नजरेआड राहते.

काढताना कोणती काळजी घेतात?

इंजिन थंड होऊ देणे, स्विच बंद करून चावी काढणे आणि चाकांना अडण लावणे ही पहिली पायरी. प्रोपेलरला उगाच हात लावायचा नाही. मॅग्नेटो बॅटरीशिवायही ठिणगी देतो. त्याला बंद ठेवणारी तार तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही, पाते फिरताच इंजिन पेटू शकते.

वरचा भाग आधी निघतो. तो कुठे स्क्रूने, कुठे पाव फेऱ्यात सुटणाऱ्या खटक्यांनी, तर कुठे लांब बिजागरीतून तार ओढून सुटतो. खालचा भाग जड व अडचणीचा. त्याला दिव्याच्या तारा किंवा हवेची नळी जोडलेली असू शकते; ती आधी सोडवावी लागते. म्हणून दोन माणसे असलेली बरी.

उघडल्यावर काय पाहतात?

तेलाचे ओघळ, इंधन नळीचे सैल जोड, कशाला तरी घासून झिजलेल्या तारा आणि पक्ष्यांनी आणलेल्या काड्या. एक्झॉस्ट पाइपवरील भेगा विशेष धोकादायक. केबिनला ऊब देणारी हवा याच पाइपाभोवतून घेतली जात असेल, तर भेगेतून कार्बन मोनॉक्साइड वैमानिकापर्यंत पोहोचतो. त्याला वास नसतो.

घरी बांधलेल्या विमानात हा प्रश्न वेगळा का?

कारण झाकण कसे बसवायचे, हे बांधणाराच ठरवतो. स्क्रू स्वस्त आणि भक्कम. पण डझनावारी स्क्रू काढायचे म्हटले की ‘पुढच्या वेळी पाहू’ असा मोह होतो. खटके महाग, पण पाच-दहा मिनिटांत काम होते. म्हणजे बांधणीच्या वेळची निवड पुढे इंजिन किती वेळा पाहिले जाईल, हे ठरवते.

देखरेखीची जबाबदारीही बांधणाऱ्यावर अधिक येते. अमेरिकेत निम्म्याहून अधिक बांधणी हौशी व्यक्तींनी केलेली असावी लागते, आणि मुख्य बांधणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. तेथे ‘व्हॅन्स’ कंपनीच्या संचांवरून हजारो विमाने उभी राहिली आहेत. भारतात अशी उदाहरणे मोजकीच असल्याने शेजारच्या हँगरमधील अनुभवी माणसाला विचारण्याची सोयही मर्यादित आहे.

परत बसवताना चूक कुठे होते?

आत राहिलेले फडके किंवा पाना, दुमडलेली रबरी पट्टी आणि अर्धवट अडकलेला खटका. पट्टी दुमडली तर हवा सिलिंडर सोडून निसटते आणि इंजिन तापते. खटका सुटला तर हवेत झाकण उचकटून काचेवर किंवा शेपटीवर आदळू शकते. त्यामुळे हत्यारे मोजून घेणे, प्रत्येक खटका हाताने तपासणे आणि शक्यतो दुसऱ्या माणसाकडून पुन्हा पाहून घेणे, ही कामाची शेवटची पायरी मानली जाते.