हवेत थबकणारे योद्धे

तलवारबाजीचा चिनी चित्रपट पाहून आलेली मुले शिक्षकांना हमखास विचारतात, “सर, खूप सराव केला तर खरंच असं उडता येतं का?” ‘ते सगळं खोटं असतं’ असे सांगून विषय मिटवता येतो. पण मग मुलांना आधीच पाठ असलेली गतीची समीकरणे वापरून पाहण्याची सुरेख संधी हातची जाते.

उदाहरणादाखल २००० साली आलेला आँग ली यांचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ हा चित्रपट घेऊ. काळ छिंग राजवटीचा, कथा चोरीला गेलेल्या एका तलवारीची. यातले योद्धे भिंतीवरून चढत जातात, एका छपरावरून दुसऱ्यावर झेपावतात आणि बांबूच्या शेंड्यांवर उभे राहून लढतात. अशा शूरकथांना चिनी भाषेत ‘वुशिया’ म्हणतात आणि त्यांतल्या या कौशल्याला ‘छिंगकुंग’, म्हणजे हलके होण्याची विद्या. आपल्याकडच्या अष्टसिद्धींमधली लघिमा ही तिची जवळची नातेवाईकच म्हणायची!

आता थोडे गणित करू. चांगला खेळाडू जागच्या जागी उडी मारून आपला गुरुत्वमध्य सुमारे अर्धा मीटर वर नेतो. त्यासाठी जमीन सोडताना त्याचा वेग सेकंदाला ३.१ मीटर असावा लागतो. वर जाऊन परत खाली यायला एकूण ०.६४ सेकंद लागतात. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात, म्हणजे ही सारी उडी जेमतेम १५ चौकटींत संपते. चार मीटर उंचीच्या छपरापर्यंत जायचे तर सुरुवातीचा वेग ८.९ मीटर हवा. वेग तिपटीहून थोडा कमी, पण ऊर्जा मात्र आठपट! कोणत्याही तालमीने स्नायू एवढी मजल मारत नाहीत.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पाय जमिनीवरून सुटले की गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून गेला. हवेत हातपाय कितीही झाडले, कोलांटी मारली, तरी शरीर गुरुत्वमध्याभोवती फिरेल; गुरुत्वमध्य मात्र आपल्या अन्वस्तावरूनच जाईल. त्यामुळे नायक हवेत वळण घेताना किंवा क्षणभर थबकताना दिसला, की विद्यार्थ्यांनी एकच प्रश्न विचारावा : हे बाहेरचे बल कोणाचे?

किंग हू या दिग्दर्शकाने ‘अ टच ऑफ झेन’ या १९७१च्या चित्रपटात हा प्रश्न मोठ्या युक्तीने टाळला. त्याचे नट ट्रॅम्पोलिनवरून झेप घेत. झेपेचा एक तुकडा, हवेतला दुसरा, उतरण्याचा तिसरा, असे अगदी छोटे तुकडे तो जोडत असे. प्रत्येक तुकड्यातली हालचाल गुरुत्वाकर्षणाचे नियम पाळते. नियम मोडला जातो तो दोन तुकड्यांच्या सांध्यात, प्रेक्षकाच्या मनात! मला स्वतःला हीच पद्धत अधिक बुद्धिमान वाटते.

आँग ली यांचे मारामारी-दिग्दर्शक युएन वू-पिंग यांचा मार्ग वेगळा. त्यांनी बाहेरचे बल खरोखरच आणले. नटाच्या कपड्यांखाली पट्टा, त्याला बारीक पण मजबूत तारा आणि वर क्रेन. पडद्यावर दिसू नयेत म्हणून तारा मागाहून संगणकाने पुसलेल्या. समजा, तारेने वजनाचा नऊ-दशांश भार सतत पेलून धरला. मग खाली खेचणारे त्वरण एक-दशांश उरते आणि तीच अर्ध्या मीटरची उडी पाच मीटर उंच जाऊन ६.४ सेकंद टिकते. चंद्रावरसुद्धा ती तीन मीटरच गेली असती.

तार दिसत नसली तरी ती ओळखता येते. खऱ्या उडीत शरीर, केस आणि झगा सारे एकाच त्वरणाने खाली येत असतात, त्यामुळे काहीच ‘लोंबत’ नाही. तार मात्र फक्त शरीराला धरते. केस आणि झग्याचा घोळ, नट जमिनीवर उभा असल्यासारखे, सरळ खाली लोंबतात. दुसरी खूण लंबकाची. २० मीटर लांबीच्या तारेला टांगलेला माणूस जड असो की हलका, त्याचा दोलनकाल सुमारे नऊ सेकंदच असणार. बांबूच्या वनातल्या संथ, मोहक झोक्यांमागे हाच लंबक आहे.

आणि बांबूचे काय? समजा, १५ मीटर उंचीचा, बुडापासून शेंड्यापर्यंत १० सेंटिमीटर व्यासाचा आणि एक सेंटिमीटर जाडीच्या भिंतीचा पोकळ बांबू आहे. ऑयलरच्या सूत्राने हिशेब केला तर टोकावर साधारण ३२ किलोंपेक्षा जास्त भार आला की तो वाकून जातो. खरा बांबू तर शेंड्याकडे बोटाएवढा बारीक होतो. साठ किलोंच्या योद्ध्याला त्याने थेट जमिनीवर आणून सोडले असते.

एक गोष्ट मात्र तारेलाही जमत नाही. ती वजन पेलते, वस्तुमान कमी करत नाही. साठ किलोंचा नट सेकंदाला तीन मीटर वेगाने भिंतीकडे चालला असेल, तर त्याला थोपवायला तेवढेच बल लागते, तो तारेवर असो वा नसो. पट्ट्यात शरीर फक्त कमरेशी धरलेले असते. डोके आणि पाय आडवे ताठ ठेवायचे ते पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंनीच. म्हणून या कामात नृत्य किंवा चिनी ऑपेराची तालीम झालेली माणसे उजवी ठरतात. मिशेल यो या अभिनेत्रीने लहानपणापासून बॅलेचे शिक्षण घेतले होते. तरीही याच चित्रपटाच्या चित्रीकरणात त्यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली.

वर्गात करून पाहण्याजोगे बरेच आहे. विद्यार्थ्याने भिंतीशी उभे राहून हात वर करून खडूची खूण करावी, मग उडी मारून दुसरी. दोन खुणांमधल्या अंतरावरून हवेतला वेळ काढावा. मोबाइलवर उडीचे चित्रण करून चौकटी मोजाव्यात आणि उत्तर ताडून पाहावे. त्यानंतर चित्रपटातली एखादी न तुटलेली झेप निवडून तिच्याही चौकटी मोजाव्यात. दोन्हींचे गुणोत्तर काढले, की तारेने वजनाचा केवढा हिस्सा उचलला असेल याचा अंदाज मुले स्वतःच सांगू शकतात. मात्र तो प्रसंग मंदगतीने दाखवलेला नाही ना, एवढे आधी पाहून घ्यावे.