ग्रीन कार्डावरचे नाव गोंदियातच नीट करून घ्या

आपल्या जिल्ह्यातल्या मुली लग्न होऊन पूर्वी फार तर नागपूर, भिलाई नाहीतर मुंबईला जायच्या. आता अधूनमधून अमेरिकेतले स्थळ येते. विहारात मंगल परिणय होतो, व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात, आणि मग कागदांचे काम सुरू होते. ते काम कसे करायचे हे घरात कुणालाच माहीत नसते.

मागे अशीच एक मुलगी वडिलांना घेऊन आमच्याकडे आली. तिच्या पासपोर्टवर तिचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हे सगळे 'नाव' या एकाच रकान्यात होते. आडनावाचा रकाना रिकामा होता. फॉर्म नेट कॅफेत भरला होता आणि घरी कुणी तपासला नव्हता. अशा पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा निघाला की अख्खे नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी 'एफएनयू' ही तीन अक्षरे येतात. त्यांचा अर्थ, 'नाव माहीत नाही'. हे समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तिकडे मला नावच नसेल का?"

तिचा पासपोर्ट आम्ही आधी दुरुस्त करून घ्यायला लावला. दोन-तीन महिने लांबणीवर पडले, पण पुढचा त्रास वाचला. ग्रीन कार्डावरची चूक दिसते अमेरिकेत, पण आमच्या पाहण्यात तिचे मूळ बहुतेक वेळा शाळेच्या दाखल्यात, ग्रामपंचायतीच्या नोंदीत नाहीतर घाईत भरलेल्या फॉर्ममध्ये असते. म्हणून सुरुवात इथूनच करू. मुलगी जात असो की मुलगा, नियम तेच आहेत.

आधी हे विचारा : तो कोणत्या कागदावर तिथे आहे?

"मुलगा अमेरिकेत असतो" एवढे ऐकून आपण खूश होतो. पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

तो अमेरिकेचा नागरिक असेल तर पत्नीच्या ग्रीन कार्डाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. अर्ज तपासायला जो वेळ लागेल तेवढाच.

तो स्वतः ग्रीन कार्डधारक असेल तर पत्नीला 'एफ-२-ए' या वर्गात नंबर येईपर्यंत थांबावे लागते.

तो एच-१बी व्हिसावर नोकरी करत असेल तर त्याच्याकडेच ग्रीन कार्ड नाही. पत्नी एच-४ व्हिसावर जाते. एका देशाला एकूण कोट्याच्या सात टक्क्यांपेक्षा जास्त ग्रीन कार्डे मिळू नयेत असा नियम असल्याने नोकरीच्या वर्गातली भारतीयांची रांग कित्येक वर्षांची आहे.

हा प्रश्न साक्षगंधाच्या आधी विचारायचा. त्यात संकोच कसला? पगार विचारतो, तसाच हा कागदही विचारावा.

विहारातले लग्न आणि सरकारी नोंद

बौद्धाचार्यांनी दिलेले विवाह प्रमाणपत्र जपून ठेवा, पण तेवढ्यावर काम होत नाही. अमेरिकेच्या अर्जाला सरकारी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्विनी कुमार या प्रकरणात सर्वच लग्नांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. गावात ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांकडे, शहरात नगर परिषदेत नोंद होते. नवरा-नवरी आणि तीन साक्षीदार लागतात.

हिंदू विवाह कायदा, १९५५ हा कलम २ प्रमाणे बौद्धांनाही लागू आहे. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची आपली मागणी जुनी आहे आणि ती योग्यच आहे, पण तो कायदा नाही म्हणून नोंदणी अडत नाही.

अडचण येते ती सुट्टीची. मुलगा तीन आठवड्यांसाठी येतो, शेवटच्या दिवसापर्यंत पाहुणचार चालतो आणि नोंदणी राहून जाते. तो परत गेला की सह्यांसाठी पुन्हा येईपर्यंत सगळे थांबते. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते, ती तीन आठवड्यांत बसत नाही. म्हणून लग्नाच्या तारखेबरोबरच नोंदणीची तारीखही ठरवा.

फोटोंबद्दलही एक सूचना. आपल्या लग्नात सप्तपदी नसते, होम नसतो. पांढरे कपडे, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा आणि पुष्पहार, एवढेच. मुलाखत घेणाऱ्याला हा विधी माहीत असेलच असे नाही. त्याने विचारले तर न गोंधळता सांगा, "आम्ही बौद्ध आहोत, आमचे लग्न असेच होते." दोन्ही घरची माणसे, वंदना आणि जेवणावळ दिसेल असे फोटो ठेवा.

नाव, तारीख आणि जिल्हा

नाव : आपल्याकडे एकाच माणसाचे नाव चार कागदांवर चार तऱ्हेने असते. वासनिकांचे स्पेलिंग एका कागदावर 'व्ही'ने, दुसऱ्यावर 'डब्ल्यू'ने. शहारेंच्या नावात कुठे एक 'ए', कुठे दोन. काही घरांत आजोबांनी जातीची खूण सांगणारे आडनाव सोडून नवे घेतले, पण शाळेच्या दाखल्यावर जुनेच राहिले. पासपोर्ट, जन्म प्रमाणपत्र, दहावीची सनद, आधार आणि विवाह प्रमाणपत्र एका रांगेत मांडून अक्षर न् अक्षर जुळवा. आडनाव खरोखर बदललेले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची प्रत जवळ हवी.

लग्नानंतर नवऱ्याचे आडनाव लावलेच पाहिजे असा कायदा नाही, भारतातही नाही आणि अमेरिकेतही नाही. माहेरचे नाव ठेवायचे तर सगळीकडे तेच ठेवा. बदलायचे तर अर्ज करण्याआधी पासपोर्ट बदला. अर्ध्यावर बदल केला की गोंधळ होतो.

तारीख : अमेरिकेत आधी महिना, मग दिवस लिहितात. ७ सप्टेंबरला जन्मलेल्या मुलीने आपल्या सवयीने ०७/०९ लिहिले तर तिकडे ती ९ जुलै होते. महिन्याची बारा तारीख उलटली असेल तर चूक लगेच उघडी पडते, नाहीतर ती गुपचूप कार्डापर्यंत पोचते.

जिल्हा : गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी तिरोड्यात किंवा आमगावात जन्मलेल्यांच्या जुन्या कागदांवर 'जिल्हा भंडारा' आणि नव्यांवर 'जिल्हा गोंदिया' असते. ही चूक नाही. ग्रीन कार्डावर फक्त जन्माचा देश छापतात, त्यामुळे घाबरू नका. मुलाखतीत विचारलेच तर जिल्हा विभाजनाची तारीख सांगा.

जन्माची नोंदच नसेल तर 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या जवळच्या माणसांची शपथपत्रे तयार करावी लागतात. अशा कामासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे.

अर्जाची वाट

पहिला अर्ज नवरा करतो. तो आय-१३०, 'यूएससीआयएस' या अमेरिकी खात्याकडे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दराने त्याची फी ऑनलाइन ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाला ६७५ डॉलर. मराठी कागदाबरोबर इंग्रजी भाषांतर आणि 'भाषांतर बरोबर आहे' असे भाषांतरकाराचे सहीचे निवेदन जोडावे लागते.

तो मंजूर झाला आणि व्हिसाचा नंबर उपलब्ध असला की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे व्हिसा अर्जाचे ३२५ आणि आर्थिक हमीच्या तपासणीचे १२० डॉलर भरतात. पत्नीचा अर्ज डीएस-२६०, आणि नवऱ्याची आर्थिक हमी आय-८६४. साधारणपणे नवऱ्याचे उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी असावे लागते. पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र आपल्याला नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळते. वैद्यकीय तपासणी ठरवून दिलेल्या डॉक्टरकडेच करायची. मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात होते. फी बदलत असते, म्हणून भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहा. या प्रक्रियेत जातीचा दाखला लागत नाही.

डीएस-२६० एजंटने भरला तरी पाठवण्याआधी स्वतः वाचा. त्यावर जे लिहिले आहे ते तुम्ही सांगितले असेच धरले जाते.

व्हिसा हातात आल्यावर

पासपोर्ट परत मिळाला की पेढे वाटण्याआधी व्हिसाचे पान वाचा. नाव, आडनाव, जन्मतारीख, लिंग, जन्मदेश आणि वर्ग. चूक दिसली तर प्रवासाआधीच दूतावासाला कळवा. तीच माहिती पुढे कार्डावर जाते.

वर्ग नीट समजून घ्या. नागरिकाच्या पत्नीचे लग्न अमेरिकेत प्रवेश करण्याच्या दिवशी दोन वर्षांच्या आतले असेल तर 'सीआर-१', म्हणजे दोन वर्षांचे सशर्त कार्ड. दोन वर्षे झाली असतील तर 'आयआर-१', म्हणजे दहा वर्षांचे कार्ड. व्हिसा निघाला तेव्हा दोन वर्षे झाली नव्हती पण प्रवासाच्या दिवशी झाली, असे असेल तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला विवाह प्रमाणपत्र दाखवून वर्ग बदलून मागा. तिथे गप्प राहिलात तर दोन वर्षांचेच कार्ड छापून येईल.

कार्डासाठी २३५ डॉलरची वेगळी फी ऑनलाइन भरावी लागते, ती शक्यतो निघण्याआधीच भरा. कार्ड टपालाने येते. तोपर्यंत शिक्का मारलेला इमिग्रंट व्हिसा एक वर्ष कार्डासारखाच चालतो. घर बदलले तर १० दिवसांत नवा पत्ता कळवणे बंधनकारक आहे.

कार्डावर चूक असेल तर

कार्ड आल्या दिवशी दोन्ही बाजूंचे रंगीत फोटो काढा आणि पासपोर्टशी ताडून पाहा. चूक असेल तर आय-९० अर्ज करायचा. आता चूक कुणाची, हे पाहा.

अर्जात बरोबर लिहिले होते आणि कार्ड चुकीचे छापले गेले, तर ती खात्याची चूक. त्याला फी नाही. चुकीचे मूळ कार्ड आणि खरी माहिती दाखवणारा पुरावा, म्हणजे पासपोर्ट किंवा जन्म प्रमाणपत्र, जोडायचा.

अर्जातच चूक होती, तर ती आपली. फी भरावी लागते : ऑनलाइन ४१५, कागदी अर्जाला ४६५ डॉलर.

म्हणूनच पाठवलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत ठेवा. चूक आपली नव्हती हे त्या प्रतीवरूनच दाखवता येते. मूळ कार्ड पाठवल्यावर हातात पुरावा हवा असेल तर पासपोर्टवर तात्पुरता शिक्का मागता येतो. 'पुढे बघू' म्हणून चूक ठेवू नका. कार्डावर एक आणि सोशल सिक्युरिटीवर दुसरे नाव असले तर नोकरी, बँक आणि वाहन परवाना, तिन्हीकडे अडते.

दोन वर्षांचे कार्ड आणि नवऱ्याची सही

सशर्त कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ अर्ज करायचा असतो. खोटी लग्ने रोखण्यासाठी १९८६ च्या अमेरिकी कायद्याने ही अट आणली. पण या सहीचा धाक दाखवून बायकोला दाबून ठेवणारे नवरेही असतात. "सही करणार नाही, परत पाठवीन," ही धमकी इथे आईबापांपर्यंत फोनवर पोचते आणि तेही घाबरून "सहन कर" म्हणतात.

म्हणून हे प्रत्येक मुलीला आणि तिच्या आईबापांना माहीत हवे. लग्न खरे होते पण घटस्फोट झाला, किंवा नवऱ्याने छळ केला, तर पत्नी एकटीने आय-७५१ करू शकते, त्याच्या सहीशिवाय. नवऱ्याने आधीच अर्ज मागे घेतला किंवा केलाच नाही, तरी छळ झालेल्या पत्नीला १९९४ च्या महिला अत्याचारविरोधी कायद्याखाली अमेरिकेत स्वतःचा अर्ज करता येतो. नवऱ्याने आय-८६४ वर दिलेली आर्थिक हमी फक्त घटस्फोटाने संपत नाही. कार्ड तिचे आहे. ते सासूच्या कपाटात किंवा नवऱ्याच्या लॉकरमध्ये नको. प्रकरण इथवर आले तर एजंटला विचारत बसू नका, तिथल्या परवानाधारक इमिग्रेशन वकिलाकडेच जा.

कार्यकर्त्यांना एवढेच

प्रत्येक विहारात विवाह नोंदणीच्या कागदांची यादी भिंतीवर लावता येईल. मंगल परिणय लावतानाच बौद्धाचार्यांनी "नोंदणी कधी करणार?" असे विचारावे. परदेशी जाणाऱ्या मुलीच्या सगळ्या कागदांचा एक संच माहेरी राहावा आणि एक तिच्या स्वतःच्या ईमेलवर. त्या ईमेलचा पासवर्ड फक्त तिच्याकडे असावा.

आमच्याकडे आलेली ती मुलगी नवा पासपोर्ट घेऊन आली तेव्हा तिने पहिल्यांदा दोन रकाने दाखवले. एकात तिचे नाव, दुसऱ्यात आडनाव. मग विदर्भ एक्सप्रेसचे तिकीट काढायला गेली.

जयभीम!