आप्ताचे अपंगत्व आणि कर्मचाऱ्याचा हक्क

अपंगत्वामुळे कोणालाही नोकरीत दुजाभाव सोसावा लागू नये, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. परंतु कर्मचारी स्वतः धडधाकट असून केवळ त्याचे मूल किंवा अन्य आप्त दिव्यांग असल्याने त्याच्यावर अन्याय झाला, तर काय? युरोपातील न्यायालयांनी या प्रश्नाचा सविस्तर विचार केला आहे.

कोलमन खटला

लंडनमधील वकिलांच्या एका कार्यालयातील महिला कर्मचाऱ्याने २००५ मध्ये न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. इतर पालकांना मिळणारी कामाच्या वेळेची सवलत आपणास नाकारण्यात आली आणि दिव्यांग मुलासाठी रजा मागताच आळशी म्हणून हिणवण्यात आले, अशी तिची तक्रार होती. युरोपीय न्यायालयाने १७ जुलै २००८ रोजी निर्णय दिला, की अपंगत्वाच्या कारणावरून होणारा प्रत्यक्ष भेदभाव व छळ यांना असलेली मनाई केवळ दिव्यांग कर्मचाऱ्यापुरती नाही. दिव्यांग अपत्याची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्यालाही तिचे संरक्षण आहे.

या निर्णयाचा भर समान वागणुकीवर होता. वेगळ्या सोयीचा प्रश्न पुढे इटलीतील एका प्रकरणात आला. तेथील कर्मचारी महिलेने मुलाच्या शुश्रूषेसाठी कायम सकाळची पाळी मागितली होती. मालकावर अवाजवी भार पडत नसेल, तर अशा पालकासाठीही वाजवी सोय करणे आवश्यक आहे, असे त्याच न्यायालयाने ११ सप्टेंबर २०२५ रोजी स्पष्ट केले.

आपल्याकडील तरतुदी

आपला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. नोकरीतील भेदभावाविषयीचे त्याचे कलम प्रामुख्याने दिव्यांग व्यक्तीसंबंधी आहे. तथापि, दिव्यांग आप्ताची शुश्रूषा करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यास, प्रशासकीय अडचण नसल्यास, नियतकालिक बदलीतून सूट देण्याची तरतूद ८ ऑक्टोबर २०१८ च्या केंद्रीय ज्ञापनात आहे. हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२४ रोजी दिव्यांग मुलांच्या मातांना बालसंगोपन रजा देण्याबाबत फेरविचार करण्याचे निर्देश राज्य शासनास दिले. स्त्रियांचा नोकरीतील सहभाग ही मेहेरबानी नसून घटनात्मक गरज आहे, असेही न्यायालयाने सांगितले.

कार्यालयप्रमुखांचे कर्तव्य

असा अर्ज हाती येताच कार्यालयप्रमुखाने, मुख्याध्यापकाने अथवा पंचायतीच्या पदाधिकाऱ्याने दोन प्रश्न स्वतःस विचारावेत. इतरांना जे सहज मिळते, ते या कर्मचाऱ्याला नाकारले जात आहे काय? मागितलेली सोय कामाची हानी न होता देता येईल काय? अर्ज नामंजूर करावयाचा झाल्यास कारणे लेखी द्यावीत. शुश्रूषा करणाऱ्याची नोकरी गेली, तर त्या घरातील दिव्यांग व्यक्तीचाच आधार तुटतो, याचे भान निर्णय घेताना असावे.