पाकिटाची पाठही वाचा

ठाण्याच्या गोखले रोडवर किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर फराळाची पाकिटं हल्ली फार देखणी दिसतात. खाकी कागद, मोजकी अक्षरं, मधोमध पारदर्शक खिडकी. त्यामागच्या मेहनतीचं कौतुक आहेच. पण रंगरूपावरून आपण जे निष्कर्ष काढतो, ते तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : खाकी पाऊच म्हणजे कागद, म्हणजे पर्यावरणपूरक.
वस्तुस्थिती : चकली मऊ पडू नये म्हणून ओलावा अडवणारा थर लागतोच. त्यामुळे अशा बहुतेक पाऊचमध्ये आतून प्लास्टिकचा, काहींत ॲल्युमिनियमचाही थर चिकटवलेला असतो. कोपरा फाडून पाहा, कागदाखालचा पापुद्रा ताणला जातो. हे थर सुटे करणं अवघड, म्हणून असा पाऊच रद्दीत चालत नाही. यावर उपाय म्हणून पॅकेजिंग उद्योग आता एकाच जातीच्या प्लास्टिकच्या पाकिटांकडे वळतो आहे. ती कागदासारखी दिसत नाहीत, पण पुनर्प्रक्रियेला सोपी जातात.

गैरसमज : टूथपेस्टच्या नळीच्या टोकाला हिरवी पट्टी असेल तर माल नैसर्गिक, काळी असेल तर निव्वळ रसायन.
वस्तुस्थिती : व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या या मजकुराला काहीही आधार नाही. ती पट्टी यंत्रासाठी असते. पेस्ट भरताना नळी गोल फिरते. प्रकाशाच्या सेन्सरला पट्टी दिसली की थांबते आणि मग टोक सील होतं. त्यामुळेच ब्रँडचं नाव बरोबर समोर येतं. पट्टीचा रंग पार्श्वभूमीवर उठून दिसला की झालं. आत काय आहे, ते घटकांच्या यादीतच कळतं.

गैरसमज : पुढे नाचणीचं चित्र म्हणजे बिस्किट नाचणीचं.
वस्तुस्थिती : घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे. यादीत पहिला मैदा असेल, तर बिस्किटात सर्वांत जास्त मैदाच आहे. ज्या घटकाचा पुढे गाजावाजा केला आहे, त्याचं प्रमाणही टक्क्यांत द्यावं लागतं. तो आकडा शोधाच.

गैरसमज : लेबलचे नियम मोठ्या कंपन्यांना; घरगुती लाडवांना कशाला?
वस्तुस्थिती : कल्याणच्या स्वयंपाकघरातून विक्री करणाऱ्या ताईंनाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. पाकिटबंद मालावर 14 अंकी नोंदणी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तारखा, पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी. हा मजकूर ठळक आणि वाचता येईल असा छापणं हाही डिझाइनचाच भाग आहे.

मोठा ब्रँड असो वा बचत गट, गिऱ्हाईक पहिल्यांदा पाकीट बघून येतं. दुसऱ्यांदा येतं ते विश्वासाने. म्हणून डिझायनरला काम देताना पुढच्या बाजूइतकाच वेळ मागच्या बाजूला द्या, आणि खरेदी करताना पाकीट उलटून वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.